बँडसॉचं नवं ब्लेड चढवण्याआधी जुनं नीट बघा

बँडसॉ म्हणजे दोन चाकांवर (व्हीलवर) फिरणाऱ्या दातेरी पट्टीनं धातू कापायचं मशीन; ती पट्टी म्हणजे ब्लेड. जुनं ब्लेड उतरवलं की लगेच भंगाराच्या ड्रममध्ये टाकू नका. टेबलावर लांब पसरा, चिंधीनं पुसा आणि उजेडात धरून दोन मिनिटं बघा. मशीनमध्ये काय बिघडलंय ते त्या पट्टीवर उमटलेलं असतं. ते न बघता नवं चढवलं तर तेही त्याच वाटेनं जातं.

भोसरीत आमच्या शेडमध्ये दिवसभर कटिंगचंच काम चालतं. ईएन-८, ईएन-१९, २० एमएनसीआर ५ अशा पोलादांचे गोल बार, फोर्जिंगवाल्यांना आणि गिअरवाल्यांना लागणारे तुकडे, मध्येच कुणाचा एसएस (स्टेनलेस) ३०४ चा शाफ्ट. ब्लेड हा आमच्या खर्चातला मोठा आकडा आहे. म्हणून नव्या पोराला मी आधी ब्लेड बदलायला शिकवतो आणि मग कापायला. तोच धडा इथे मांडतोय. आमचं मशीन आडवं, दोन खांबांचं; ब्लेड ३४ मिमी रुंद, १.१ जाड, ४११५ लांब. तुमचं मशीन लहान, बिजागरीचं असेल, त्यावर २७ बाय ०.९ किंवा अगदी १३ बाय ०.६५ चं ब्लेड असेल, तरी क्रम हाच राहतो. आकड्यांच्या बाबतीत तुमच्या मशीनच्या पुस्तकात वेगळं दिलं असेल तर पुस्तकाचं ऐका.

जुन्या ब्लेडवर काय बघायचं

सगळे दात सारखेच बोथट झालेत, टोकं गोल झालीत, तुटका दात नाही, अंगावर चरे नाहीत, तर ते ब्लेड पुरतं वापरून झालंय. मशीनमध्ये काही करायचं नाही, तसंच दुसरं चढवा. असं ब्लेड उतरलं की मी ते पोरांना मुद्दाम दाखवतो, कारण ब्लेड असंच संपायला हवं.

ओळीनं चार-पाच दात मुळातून उडाले असतील तर कारण बहुधा कापण्यात सापडतं. पातळ पाइपला मोठ्या दातांचं ब्लेड लावलं असेल, जॉब (कापायचा तुकडा) व्हाइसच्या पकडीत हलला असेल, किंवा फीड (ब्लेड धातूत उतरण्याचा वेग) एकदम सोडलं असेल. दातांच्या खाचांत चिप्स चिकटून राहिलेल्या दिसल्या तर त्या झाडणारा वायरब्रश काम करत नाही असं समजा. खाच भरलेली असली की पुढच्या फेरीत त्या दाताला कापायला जागाच राहत नाही, आणि तो मोडतो.

दात आळीपाळीनं डावीकडे-उजवीकडे वाकवलेले असतात, त्याला आम्ही सेट म्हणतो. एकाच बाजूचे दात घासले असतील तर ते कुठल्या तरी कडक वस्तूला लागून गेलेत: व्हाइसचा जबडा, लांबीचा स्टॉपर, सुटलेला गाइड (ब्लेड सरळ धरणारा ब्लॉक). असं ब्लेड धार असलेल्या बाजूला ओढतं आणि काप तिरका जातो. कितीही गाइड जुळवले तरी त्या ब्लेडवर काप सरळ येणार नाही, उगाच वेळ घालवू नका.

अंगावर लांबच लांब चरे असतील तर गाइडमधली कार्बाइडची (अतिकडक धातूची) पॅडं झिजलीत किंवा त्यांच्यात चिप अडकली आहे.

चिरा दोन प्रकारच्या असतात आणि त्या ओळखणं सगळ्यात महत्त्वाचं. पहिली चीर पाठीकडून आत येते. अशा ब्लेडच्या पाठीवरून बोट फिरवा (हातमोजा घालून), कड चेपून बाहेर आलेली लागेल. म्हणजे पाठ व्हीलच्या कॉलरला (कडेच्या उंच काठाला) घासत होती, किंवा गाइडमधल्या वरच्या कार्बाइडला खाच पडली आहे. घासून घासून ती कड कडक होते आणि तिथूनच तडा जातो. दुसरी चीर दातांच्या खाचेतून पाठीकडे जाते. तिथे टेन्शन (ब्लेडचा ताण) जास्त असतं, फीड जड असतं, किंवा गाइड इतके आवळलेले असतात की ब्लेड प्रत्येक फेरीला पिळवटून निघतं. पहिलीचा इलाज व्हीलवर, दुसरीचा टेन्शनवर आणि गाइडवर. दोन्हींना "ब्लेड तुटलं" एवढंच म्हणून सोडलं तर इलाज सापडत नाही.

तुटलेलं टोक बरोबर जॉइंटवरच (पट्टीची दोन टोकं जोडलेली असतात तिथे) असेल, बाकीचे दात अजून धारदार असतील, तर तो तुकडा जपून ठेवा आणि दुकानदाराला दाखवा. चांगला दुकानदार बघून जॉइंट पुन्हा मारून देतो.

नवं ब्लेड आणताना

लांबी जुन्या ब्लेडवरून मोजता येते, पण ते तुटून तुकडे हरवले असतील तर मशीनवरून काढा. दोन्ही व्हील सारख्या व्यासाची असतील तर व्यासाला ३.१४ नं गुणा आणि दोन व्हीलच्या केंद्रांमधल्या अंतराची दुप्पट त्यात मिळवा. आमची व्हील ४५० ची आणि केंद्रांमधलं अंतर १३५०. ४५० गुणिले ३.१४ म्हणजे १४१३, अधिक २७००, झाले ४११३. म्हणून ४११५ चं ब्लेड. अंतर मोजताना टेन्शनची स्लाइड तिच्या चालीच्या मध्यावर ठेवा, म्हणजे ब्लेड चढवायलाही जागा राहते आणि ताणायलाही.

दातांचं माप इंचाला किती दात यावर चालतं. हल्ली बहुतेक ब्लेडं बदलत्या अंतराच्या दातांची येतात: ३/४ म्हणजे कुठे इंचाला तीन, कुठे चार. अंतर सारखं नसल्यामुळे कंप साचत जात नाही, आवाज कमी होतो आणि कापाचा पृष्ठभागही चांगला येतो. भरीव बारसाठी आमचा हिशेब असा: २५ ते ७० मिमीला ५/८, ३५ ते ९० ला ४/६, ८० ते १५० ला ३/४, त्यावर ३५० पर्यंत २/३. पातळ भिंतीच्या पाइपला १०/१४. मापं एकमेकांवर चढतात कारण ब्लेड रोज बदलत बसता येत नाही, आपलं जास्त काम कशाचं आहे ते बघून घ्यायचं. कुठल्याही वेळी निदान तीन दात धातूत असले पाहिजेत, एवढी अट मात्र मोडायची नाही. एकटा दात कडेला अडकला की गेलाच.

आम्ही बायमेटल वापरतो. त्याची पाठ स्प्रिंगसारख्या लवचिक पोलादाची असते आणि दातांची कड एम-४२ हायस्पीड स्टीलची. एम-४२ मध्ये साधारण ८ टक्के कोबाल्ट असतं, म्हणून कड तापली तरी लवकर मऊ पडत नाही. स्वस्त कार्बन स्टीलचं ब्लेड माइल्ड स्टीलच्या अँगल-पट्टीला ठीक आहे, ईएन-१९ ला लावलंत तर पैसे वाचत नाहीत.

दुकानदार बहुतेक वेळा कॉइलमधून मापाचा तुकडा कापून तिथेच जॉइंट मारून देतो. जॉइंट दुकानातच तपासा. दोन्ही अंगांवरून नख फिरवा, अडकता कामा नये. पाठीला स्टीलची पट्टी लावा. जॉइंटपाशी कोन दिसला किंवा पट्टीखालून उजेड आला तर घेऊ नका. ते ब्लेड प्रत्येक फेरीला गाइडमध्ये टक् टक् वाजतं आणि जॉबवर तेवढ्या अंतरानं रेघ उमटते.

उतरवणं आणि सफाई

मेन स्विच बंद करा, त्याला कुलूप लावा, आणि चावी ब्लेड बदलणाऱ्याच्याच खिशात राहू द्या. पॅनलवरचं लाल बटण दाबून भागत नाही. कूलंट (काप थंड ठेवणारं तेल-पाणी) आणायला गेलेला हेल्पर परत येऊन ते सोडवू शकतो. दारांना लिमिट स्विच असतात, पण अनेक शेडमध्ये ते वायर जोडून निकामी केलेले दिसतात. तुमच्याकडे तसं असेल तर ब्लेडच्या आधी तो स्विच दुरुस्त करा. हे मी आग्रहानं सांगतोय.

बो (व्हील आणि ब्लेड धरणारी वर-खाली होणारी चौकट) निम्म्यावर उचला, फीडचा व्हॉल्व्ह बंद करा आणि खाली लाकडी ठोकळा ठेवा. दारं उघडा, वायरब्रश मागे घ्या, गाइडमधलं सरकणारं पॅड सैल करा. मग हाताच्या चाकानं टेन्शन सोडा. पॅड सैल न करता ब्लेड ओढून काढायची सवय अनेकांना असते. जुनं निघतं खरं, पण नवं बसवताना त्याच आवळलेल्या फटीत घुसवावं लागतं आणि पहिल्याच मिनिटाला सेट बिघडतो.

आता सफाई. खंडेनवमीला पूजेआधी मशीन आतून-बाहेरून धुऊन काढण्याची रीत सगळीकडे आहे, पण व्हीलची धाव दर ब्लेडबदलाला पुसायलाच हवी. तिथे कूलंटमध्ये भिजलेला कीस थर धरून बसतो. एक चिप ब्लेडखाली राहिली तर ब्लेड तिथे उचललं जातं, पट्टीला टोचा पडतो आणि मग ट्रॅकिंग (ब्लेडची व्हीलवरची जागा) कितीही जुळवलं तरी टिकत नाही. पितळेच्या पट्टीनं खरवडा, चिंधीनं पुसा, मग कॉलरच्या कोपऱ्यात बोट फिरवा. धावेवर पायरी पडलीय का बघा. पायरी पडली असेल तर व्हील काढून लेथवर घेण्याची वेळ आलीय.

वायरब्रशचे तार अर्धे झिजले असतील तर तो याच वेळी बदला. ब्लेडच्या मानानं त्याची किंमत काहीच नाही.

चढवणं

नवं ब्लेड तीन वेढ्यांत बांधून येतं आणि सुटलं की जोरात उसळतं. चामड्याचे जाड हातमोजे, पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि गॉगल घाला, मोकळ्या जागेत उभे राहा, आसपास कुणी नको. एक वेढा हातात घट्ट धरून तार कापा, तोंड बाजूला ठेवा, आणि वेढे एकेक करून सोडा. जमिनीवर टाकून पायानं उलगडू नका; फरशीवर आपटून दातांची टोकं जातात. दातांवर प्लॅस्टिकची पट्टी असेल तर ती ब्लेड चढून टेन्शन भरेपर्यंत राहू द्या. हातमोजे ब्लेड हाताळण्यापुरतेच आहेत. मशीन चालू करण्याआधी ते काढायचे, कारण फिरत्या ब्लेडमध्ये मोजा अडकला तर हात आत ओढला जातो.

दातांची दिशा बघा. कापण्याच्या जागी ब्लेड ज्या दिशेनं धावतं, त्याच दिशेला दातांची टोकं हवीत. आडव्या मशीनवर बहुधा ब्लेड ड्राइव्ह व्हीलकडे (मोटरवर फिरणाऱ्या चाकाकडे) ओढलं जातं. मशीनवर बाण असतो, तो बघून खात्री करा. दिशा उलटी आली तर ब्लेड आतून बाहेर उलटवावं लागतं, शर्टाची बाही उलटवतो तसं. नुसतं फिरवून किंवा इकडचं टोक तिकडे करून दिशा बदलत नाही, हे नव्या पोरांना हातात ब्लेड देऊनच पटतं.

आधी दोन्ही गाइडमध्ये ब्लेड सरकवा, दात खाली, पाठ वरच्या कार्बाइडला टेकलेली. मग ड्राइव्ह व्हीलवर, शेवटी आयडलरवर (ब्लेडबरोबर नुसत्या फिरणाऱ्या दुसऱ्या चाकावर). व्हील तिरकी असल्यामुळे ब्लेड दोन ठिकाणी पिळलं जातं, ते तसंच असायला हवं. पाठ कॉलरजवळ ढकलून धरा आणि हाताच्या चाकानं सैलपणा जाईल एवढंच ताणा. व्हील हातानं एक पूर्ण फेरी फिरवा. ब्लेड आपल्या जागी बसतंय, कुठे वर चढत नाही, असं दिसलं की मगच पूर्ण टेन्शन.

टेन्शन

मशीनला गेज असेल तर त्यावरची खूण पाळा. खूण पुसली असेल, किंवा हाताच्या चाकाखालचे बशीच्या आकाराचे स्प्रिंग वॉशर इतके जुने असतील की खुणेवर भरवसा नाही, तर दुसरा मार्ग आहे. पोलाद किती ताणलं की किती लांबतं हे ठरलेलं असतं. ५०० मिमी लांबीत ०.५ मिमी वाढ झाली तर ताण सुमारे २०० न्यूटन प्रति चौरस मिमी असतो, ०.७ झाली तर २८०-२९०. बायमेटलला आम्ही २०० ते ३०० मध्ये ठेवतो, रुंद ब्लेडला वरच्या बाजूला. सैलपणा गेल्यावर, पण ताण भरण्याआधी, वरच्या मोकळ्या सरळ भागात ६०० मिमीचा व्हर्नियर कॅलिपर ५०० वर उघडून दोन्ही जबडे लहान क्लॅम्पनं ब्लेडला पकडा. सरकणाऱ्या जबड्याचा लॉक सैल ठेवा. आता चाक फिरवा आणि व्हर्नियर वाचत राहा. एकदा बरोबर ताण मिळाला की चाकावर आणि बॉडीवर सेंटर पंचनं नवी खूण करून ठेवा, पुढच्या वेळी हा खटाटोप नको. व्हर्नियर आणि क्लॅम्प काढायला विसरू नका.

जुने मिस्त्री पट्टीवर बोट मारून आवाजावरून ताण सांगतात. ज्यानं एकाच मशीनवर आयुष्य काढलंय त्याला ते जमत असेल. नव्या माणसानं त्या भानगडीत पडू नये, कारण मशीन बदललं, ब्लेडची जाडी बदलली की आवाजही बदलतो.

३४ बाय १.१ च्या पट्टीचा काटछेद सुमारे ३७ चौरस मिमी. २५० नं गुणा: नऊ हजार न्यूटनच्या वर, म्हणजे साधारण साडेनऊशे किलोचा ओढा त्या पट्टीत भरलेला असतो. दार उघडं ठेवून मशीन चालू करणाऱ्याला हा आकडा सांगा.

ट्रॅकिंग

दारं बंद करा, कुलूप काढा, क्षणभर चालू करून बंद करा. पुन्हा मेन बंद, दार उघडा, बघा. ब्लेडची पाठ आयडलरच्या कॉलरपासून अर्धा ते एक मिमी दूर राहिली पाहिजे. कॉलरला टेकून घासत असेल तर वर सांगितलेली पहिल्या प्रकारची चीर तयार होणार. फार बाहेर येत असेल तर एक दिवस ब्लेड उतरून पडणार. आयडलरच्या मागे तिरकेपणाचा स्क्रू असतो. त्याचा लॉक बोल्ट सैल करा, पाव आटा फिरवा, लॉक आवळा, पुन्हा क्षणभर चालवा, पुन्हा बघा. पाव आट्याहून जास्त एका वेळी नाही. स्क्रू कुठल्या बाजूला फिरवला की ब्लेड आत जातं हे एकदा कळलं की दाराच्या आत मार्करनं बाण काढून ठेवा. ड्राइव्ह व्हीलला हात लावू नका; ते गिअरबॉक्सबरोबर बसवलेलं असतं. तिथे ब्लेड घासत असेल तर बेअरिंग किंवा बैठक तपासण्याचं काम आहे, ते वेगळं.

प्रत्येक वेळी मेन बंद करण्याचा पोरांना कंटाळा येतो. आमच्याकडे त्याला सूट नाही.

गाइड

मला विचाराल तर निम्म्याहून जास्त तिरक्या कापांचं मूळ इथे असतं, आणि ब्लेड बदलताना सगळ्यात कमी वेळ इथेच दिला जातो.

प्रत्येक गाइडमध्ये दोन्ही अंगांना कार्बाइडचं एकेक पॅड, पाठीवर एक, आणि आधाराला बेअरिंगची जोडी असते. एक पॅड पक्कं असतं, दुसरं सरकतं. पक्क्या पॅडला ब्लेड टेकवा, सरकणारं पॅड हलकेच आणून लावा आणि बोल्ट आवळा. बोल्ट आवळताना पॅड थोडं पुढे सरकतं, म्हणून आवळल्यानंतर पुन्हा तपासा. मागून बॅटरीचा उजेड टाका: पॅड आणि ब्लेडमध्ये फट दिसू नये. मग व्हील हातानं फिरवा: थोडा अडसर जाणवावा, पण एका हातानं व्हील फिरलं पाहिजे. बेअरिंगच्या बोल्टला एक्सेंट्रिक (भोक मध्यावर नसलेला) बुश असतो, तो फिरवून बेअरिंग ब्लेडला लावा. ब्लेड सरकलं की बेअरिंगही फिरली पाहिजे, थांबून राहिली तर ब्लेडवर घासत राहील. खडखडणारी बेअरिंग याच वेळी बदला.

पाठीच्या कार्बाइडला नखानं तपासा. खाच पडली असेल तर ते काढून दुसऱ्या बाजूनं लावा, दोन्ही बाजू गेल्या असतील तर बदला.

आता गुण्या (काटकोन तपासायची पट्टी) घ्या. बेडवर उभा करून ब्लेडच्या अंगाला लावा, दातांच्या वरच्या सपाट भागावर, कारण दातांना लागला तर सेटमुळे फसवा कोन दिसतो. दोन्ही गाइडजवळ वेगवेगळं बघा. एका ठिकाणी सरळ आणि दुसरीकडे तिरकं असेल तर ब्लेड मधे पिळलं जातंय. ज्या गाइडपाशी फट दिसते तिथलाच ब्लॉक जुळवा.

सरकणारा गाइड जॉबच्या जवळ आणा. ४० मिमीचा बार कापताना गाइड ३०० वर उघडा ठेवला, तर मधली मोकळी पट्टी कितीही ताणलेली असली तरी वाकणारच. जॉबला आणि व्हाइसच्या जबड्याला न लागता जितका जवळ येईल तितका. जॉबचं माप बदललं की गाइडही हलवायचा, ही सवय हाताला लागली पाहिजे. मोठ्या मापावरून लहान मापावर आल्यावर हटकून विसरतं. शेवटी वायरब्रश दातांना लावा: तारांची टोकं खाचेच्या तळाला पोचावीत, त्याहून खोल गेली तर तार लवकर झिजतात.

पहिले काप

जुन्या ब्लेडनं अर्धवट सोडलेल्या कापात नवं ब्लेड उतरवू नका. जुन्याचा सेट झिजलेला असतो म्हणून ती खाच अरुंद असते. नवे दात तिथे अडकून तुटतात. जॉब उलटा फिरवा आणि समोरच्या बाजूनं नवा काप घ्या, किंवा थोडं पुढे सरकवून कापा.

नव्या दाताची टोकं अतिशय बारीक असतात. पहिल्याच कापाला पूर्ण भार दिला तर ती झिजत नाहीत, उडतात, आणि ते डोळ्यांना दिसतही नाही. म्हणून ब्लेडचा वेग नेहमीचाच ठेवा, फीड मात्र निम्मं करा. वेग कमी करायचा नाही; खूप जण उलटं करतात. ३०० ते ५०० चौरस सेंटिमीटर कापून होईपर्यंत असं चालवा. १०० मिमी व्यासाच्या बारचा एक काप म्हणजे सुमारे ७८ चौरस सेंमी, तेव्हा असे चार ते सहा काप. मग फीड थोडं थोडं वाढवत नेहमीवर आणा. गिऱ्हाईक उभं राहून घाई करत असलं तरी हे काप मी घाईनं घेऊ देत नाही, कारण पुढचे काही आठवडे ते ब्लेड कसं वागेल हे इथे ठरतं. दोन-तीन काप झाल्यावर टेन्शनही पुन्हा बघा, नवं ब्लेड जागेवर बसताना थोडं सैल पडतं.

बायमेटलला वेग साधारण असा: ईएन-८ ला मिनिटाला ६० ते ७० मीटर, ईएन-१९ ला ४५ ते ५५, एसएस ३०४ ला ३० ते ४०. एसएसला वेग कमी आणि फीड ठाम हवं. दात नुसता घासत राहिला तर पृष्ठभाग कडक होत जातो आणि पुढच्या दाताला कापवत नाही.

चिप्सकडे बघत राहा. चांदीसारख्या, वळलेल्या, सुट्ट्या चिप्स म्हणजे ठीक चाललंय. पिठासारखा बारीक कीस पडत असेल तर फीड हलकं आहे, दात घासताहेत. जाड, निळसर चिप्स म्हणजे फीड जड आहे किंवा कूलंट पोचत नाही. कूलंट ८ ते १० टक्के ठेवा आणि रिफ्रॅक्टोमीटरनं मोजा, रंगावरून अंदाज बांधू नका. भरताना पाण्यात तेल ओता; तेलात पाणी ओतलं तर नीट मिसळत नाही. बिडाचे जॉब आम्ही कोरडेच कापतो, कारण बिडाची पावडर कूलंटमध्ये मिसळली की चिखल होतो आणि टाकी, पंप, गाइड सगळीकडे जाऊन बसतो.

फीड नेहमीवर आलं की बारच्या वरच्या बाजूला खडूनं खूण करून एक काप घ्या आणि तुकड्याला गुण्या लावा, एकदा वरून खाली आणि एकदा आडवा. आडव्या दिशेला कोन चुकला तर व्हाइसचा जबडा ब्लेडशी काटकोनात नाही. तो जुळवा, गाइडला हात लावू नका. वरून खाली चुकला आणि पृष्ठभाग सरळ पण कलता असेल तर गाइडपाशी ब्लेड उभं नाही. पृष्ठभाग पोट सुटल्यासारखा वक्र असेल तर टेन्शन कमी आहे, फीड जड आहे किंवा गाइड जॉबपासून लांब आहे. १०० मिमीच्या बारवर ०.२ पर्यंतचा फरक आम्ही चालवतो; त्याहून जास्त असेल तर लॉट सुरू करत नाही. रोलर स्टँडही एकदा बघा: लांब बारचं दुसरं टोक वर-खाली असेल तर मशीन कितीही बरोबर असलं तरी तुकडा तिरका येतो.

काम चांगलं लागलं की शेवटची एक गोष्ट, सुट्टीची. आमच्याकडे एमआयडीसीला गुरुवारी सुट्टी असते, म्हणून बुधवारी शेवटचा काप झाला की ब्लेडचं टेन्शन सैल करतो. ताणलेली पट्टी व्हीलच्या गोलाईवर एकाच जागी पडून राहिली तर तिला तोच बाक बसू लागतो, आणि व्हीलच्या बेअरिंगवरही विनाकारण भार राहतो. सैल केल्यावर स्टार्ट बटणावर "टेन्शन सैल आहे" अशी पाटी अडकवायची, कारण शुक्रवारी सकाळी मशीन सुरू करणारा माणूस दुसरा असू शकतो. त्यानं आधी टाकीतलं कूलंट बघायचं, वास आला असेल तर वरचं तरंगतं तेल काढून घ्यायचं, मग खुणेपर्यंत टेन्शन भरायचं, पाटी काढायची, आणि एक काप गुण्यानं तपासूनच लॉट लावायचा.